उसन्या सामानाची शाळा

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी ओके-इरोकोच्या नर्सिंग शाळेच्या दारात ट्रक लागला आणि त्यातून पहिली उतरली ती रबरी बाई. पोट पुढे आलेलं, पाय फाकलेले, पोटात रबराचंच मूल. बाळंतपण कसं करायचं ते मुलींना शिकवायला अशी बाई लागते. ओके-इरोकोकडे ती नव्हती, म्हणून शेजारच्या शहरातल्या कॉलेजातून दोन दिवसांपुरती उसनी आणलेली. चौघांनी तिला उचललं तशी स्वयंपाकघराच्या दारातून मोजीसोला ओरडली, "अरे हळू रे मेल्यांनो! पोटुशी आहे ती, आपटाल कुठेतरी!"

मोजीसोला शाळेची स्वयंपाकीण. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या गावाला माहीत.

रबरी बाईमागून मिशन हॉस्पिटलचे बारा मायक्रोस्कोप उतरले. मग पुस्तकांच्या पेट्या, वजनकाटे, रक्तदाब मोजायची यंत्रं. दोन प्राध्यापकसुद्धा उसनेच होते. ते उद्या बसने येणार होते.

आता यात कुणाला काही वावगं वाटलं असेल, तर नाव नको. आपल्याकडे शाळेची तपासणी म्हणजे लग्नघरच की. मांडव उसना, खुर्च्या उसन्या, नवरीच्या गळ्यातली पोवळ्याची माळ आत्याची. नवऱ्याकडचे कधी विचारतात का, माळ कुणाची म्हणून? त्यांच्या पोरीच्या लग्नात त्यांनीही हेच केलेलं असतं. आज आम्ही तुमचं आणलं, उद्या तुम्ही आमचं न्या. सारं राज्य असंच चाललेलं.

वाईट वाटलं ते एकट्या मेट्रनला. एबुनोला अकिन्साया तिचं नाव, पण ते फक्त कागदावर. तीस वर्षं सरकारी हॉस्पिटलात काढलेली बाई. औषधाच्या कपाटाची किल्ली कमरेला, आणि एक गोळी कमी भरली तर सगळ्या वॉर्डाला उभं करणार, असा खाक्या. निवृत्त झाल्यावर सरकारने तिला ही शाळा सांभाळायला दिली. शाळा म्हणजे काय, तर चार भिंती, एक फळा, आणि दारापेक्षा मोठी पाटी. एवढं देऊन सरकार जे झोपलं ते झोपलंच. चाळीस मुली मात्र आल्या, आसपासच्या वीसेक खेड्यांतून. त्यांना बाळंतपणं करायला शिकायचं होतं.

मेट्रनने दोन वर्षं अर्ज केले. वरून एकच उत्तर यायचं, की सामान फक्त मान्यता मिळालेल्या शाळांना मिळेल. मान्यतेसाठी अर्ज केला तर उत्तर यायचं, की मान्यता फक्त सामान असलेल्या शाळांना मिळेल. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. आणि मान्यता नसली तर मुलींना परवान्याच्या परीक्षेला बसता येत नाही. परवाना नसला की तीन वर्षं शिकलेली मुलगी पुन्हा बापाच्या शेतावर.

या पेचातून वाट काढून दिली ती दोयिनने.

दोयिन राज्याच्या आरोग्य खात्यात सहसंचालक. मेट्रनच्या पोटी मूल नव्हतं. हा सुताराचा पोरगा सात वर्षांचा असताना पत्र्याची पेटी घेऊन तिच्या दारात आला, तो तिच्याच घरी वाढला. तिच्या ताटात जेवला, तिच्या पगारावर शिकला. तपासणीच्या पंधरा दिवस आधी तो शाळेत आला तेव्हा गाडीतून उतरल्या उतरल्या, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या झग्यासकट, सगळ्या मुलींसमोर लाल मातीत तिच्यापुढे पालथा पडला. वडीलधाऱ्यांना असंच भेटायचं आणि त्यांनी 'ऊठ' म्हणेपर्यंत उठायचं नाही, ही रीत. पण हल्ली साहेब झालेली पोरं नुसती वाकल्यासारखं करतात. दोयिन छाती टेकवायचा.

"ऊठ रे बाळा, ऊठ! कपड्यांची काय दशा केलीस!" म्हणत मेट्रन घाईघाईने पुढे झाली आणि त्याच्या छातीवरची धूळ तिने स्वतःच्या हाताने झटकली. लहानपणी त्याने एकदा कालवणातला मासा चोरून खाल्ला होता. पकडला गेल्यावर असाच पालथा पडला. आज याला ऊठ म्हणायचंच नाही, भात शिजेपर्यंत पडू दे, असं तिने ठरवलं होतं. तीन मिनिटंही तिला धीर धरवला नाही.

"आई, एक दिवस," दोयिन म्हणाला. "फक्त एक दिवस शाळा भरलेली दाखवा. मान्यता मिळाली की या वर्षीच्या अंदाजपत्रकात तुमचं नाव पहिलं. मी बसलोय ना तिथे."

"म्हणजे खोटं दाखवायचं?"

"खोटं कुठे? लवकर दाखवायचं. सामान येणारच आहे. आपण चार महिने आधी दाखवतोय, एवढंच."

मेट्रनला ते पटलं. पटलं म्हणजे काय, पटवून घेतलं. चाळीस पोरींची तोंडं रोज समोर दिसत होती.

तपासणीच्या दिवशी सकाळी तो पुन्हा आला. हातात टाइप केलेली यादी. बारा मायक्रोस्कोप, प्रसूतीची एक बाई, इतकी यंत्रं, इतकी पुस्तकं. खाली लिहिलेलं, की वरील सामान चांगल्या स्थितीत मिळाले.

"सही करा, आई. सामान शाळेचंच कशावरून, म्हणून विचारलं तर दाखवायला."

मेट्रनने चष्मा लावला, यादीतली एकेक वस्तू बोट ठेवून पाहिली. सगळं बरोबर होतं. सगळं समोर मांडलेलं होतं. "कुणाकडून मिळालं ते नाही रे लिहिलं. ही जागा कोरी आहे."

"ते मी भरतो नंतर."

आणि एका गोळीसाठी वॉर्ड उभा करणाऱ्या बाईने कोऱ्या जागेखाली सही केली. दुसरा कुणी असता तर तिने त्याला कान धरून बाहेर काढलं असतं. पण समोर दोयिन होता.

तपासणी छान झाली. मोजीसोलाने उकडलेला याम कंद कुटून कुटून हाताला फोड आणले होते, आणि एगुसीच्या बियांच्या कालवणात बकऱ्याचं मटण असं घातलं होतं, की दोन तपासनीस जेवणानंतर बोलायच्या स्थितीत राहिले नाहीत. तिसरी बाई मात्र खमकी होती. तिने तितो नावाच्या मुलीला पुढे बोलावलं आणि मायक्रोस्कोपखाली रक्त बघायला सांगितलं.

तितोने मायक्रोस्कोपला पहिल्यांदा हात लावला होता तो आदल्या दुपारी. तिने डोळा लावला, चाक फिरवलं, आणखी फिरवलं, आणि एकदम किंचाळलीच. "मेट्रन, दिसले! मलेरियाचे किडे दिसले!"

"जन्मात पहिल्यांदा बघितल्यासारखी ओरडतेस की गं," तपासनीस बाई म्हणाली.

तितो म्हणाली, "रोज बघते मॅडम. पण माणूस रोज वेगळं असतं ना."

बाईंना हसू आलं. मायक्रोस्कोपवर मिशन हॉस्पिटलचं नाव होतं, त्यावर लावलेल्या चिकटपट्टीचं एक टोक उघडं पडलं होतं. बाईंनी ते अंगठ्याने दाबून पुन्हा बसवलं आणि हळूच म्हणाल्या, "मेट्रन, पट्टी जरा चांगली आणत जा. आमच्या शाळेच्या वेळी आम्ही सरळ रंगच फासला होता." तेवढ्यात खात्याच्या फोटोवाल्याने तितोचा आणि मेट्रनचा फोटो घेतला.

मान्यता मिळाली. दुसऱ्या दिवशी ट्रक परत आला. मुली रबरी बाईला पोचवायला रस्त्यापर्यंत गेल्या, आणि तितोला तर रडूच आलं.

"रडतेस काय?" मेट्रन म्हणाली. "चार महिन्यांत आपली स्वतःची येईल. आणि या खेपेला काळी मागवू, आपल्यासारखी. ही बघ कशी पांढरी फटक, अंगातलं रक्त आटल्यासारखी."

चार महिने गेले. सहा गेले. फोनवर दोयिन सांगायचा, "आई, फाईल वर गेलीय."

"वर म्हणजे किती वर?" मोजीसोला विचारायची. "देवाच्या टेबलावर का? तिथून नाही हो परत येत." बडबड करत का होईना, पण तिने एक मोठा वाळका भोपळा आणला, त्याला हवं तेवढं भोक पाडलं आणि चिंध्यांचं मूल शिवून आत कोंबलं. मुली भोपळ्याचं बाळंतपण करायला शिकल्या. त्यात मेट्रनने त्यांना इतकं पक्कं केलं, की डोळे बांधून मूल फिरवतील. पण मायक्रोस्कोपला भोपळा कुठून आणणार? तिने फळ्यावर रक्ताच्या पेशी काढल्या, आत मलेरियाचे किडे काढले, आणि म्हणाली, "हे असं दिसतं."

उत्तरेकडून कोरडा वारा सुटला, ओठ फुटायला लागले, आणि अशाच एका सकाळी शाळेच्या दारात रिकामा ट्रक येऊन उभा राहिला. ट्रकमध्ये गवत पसरलेलं, घोंगड्या, दोर, आणि कोपऱ्यात बांधलेला एक बकरा. खाली उतरले ते इलासाच्या शाळेचे प्राचार्य फालाये. नीटनेटके, अघळपघळ बोलणारे गृहस्थ.

"मेट्रन, मंगळवारी आमची तपासणी. तुमचे बारा मायक्रोस्कोप आणि ती प्रसूतीची बाई चार दिवस द्या. गवत जाड घातलंय, एक ओरखडा उठायचा नाही. आणि हा बकरा रिकाम्या हाताने यायला नको म्हणून."

मेट्रन हसत सुटली. "फालाये सर, पत्ता चुकलात! आमच्याकडे भोपळा आहे, नेता का?"

फालायेंचा चेहरा पडला. "द्यायचं नसेल तर सरळ नाही म्हणा, मेट्रन. थट्टा कशाला? खात्यानेच तुमचं नाव सांगितलं आम्हाला." त्यांनी पिशवीतून गुळगुळीत कागदाचं एक पुस्तक काढून तिच्या हातात दिलं.

वर लिहिलं होतं, 'मनुष्यबळ विकास: वर्षाचा अहवाल'. मुखपृष्ठावर तितो. डोळा मायक्रोस्कोपला, तोंड आनंदाने उघडं. मागे मेट्रन उभी, अभिमानाने फुललेली. आतल्या पानावर ओके-इरोकोचं नाव पहिलं. दोयिनने शब्द पाळला होता! सर्व सामान पुरवले, मंजूर रक्कम पूर्ण खर्च. शेजारी त्या यादीचा फोटो. कोरी जागा आता कोरी नव्हती. तिथे राज्याच्या आरोग्य खात्याचं नाव टाइप केलेलं होतं, आणि खाली तिची स्वतःची वळणदार सही.

मेट्रन ट्रकच्या पायरीवर मटकन बसली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं तिच्या शाळेचं झालं होतं, आणि तो वाळा तिने आपल्याच हाताने घातला होता. सगळ्या राज्यात सामानाने भरलेली एकच शाळा, आणि त्या शाळेत भोपळा.

फालाये तिच्या शेजारी बसले. त्यांना कळलं होतं. "आमच्याकडेही एक यादी पाठवलीय त्यांनी," ते म्हणाले. "सहीसाठी. मी अजून केलेली नाही."

"करू नका," मेट्रन म्हणाली. "उपाशी मरा, पण करू नका."

मोजीसोला दारात उभी राहून सगळं ऐकत होती. म्हणजे पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत गावात सगळ्यांना ते ठाऊक झालं.

दुसऱ्या दिवशी मेट्रन बसने राजधानीला गेली. दोयिनच्या खोलीत गारवा होता, चार माणसं बसली होती. तिला बघताच तो टेबलाला वळसा घालून आला आणि चकचकीत फरशीवर पालथा पडला.

"ऊठ," तिच्या तोंडून गेलं. गेलं तसं तिने जीभ चावली. तीस वर्षांची सवय, दुसरं काय.

माणसं बाहेर गेली. मेट्रन बसली नाही. "दोयिन, माझी रबरी बाई कुठे आहे?"

"आई, बसा तर खरं. काहीतरी थंड घ्या."

"कुठे आहे?"

दोयिनने तोंडावरून हात फिरवला. "निवडणुकीचं वर्ष, आई. माझ्या डोक्यावर पाच जण बसलेत. मी नाही म्हटलं असतं तर या खुर्चीत दुसरा आला असता, आणि त्याने तुम्हाला मान्यताही मिळू दिली नसती. मान्यता मिळाली की नाही?"

"तू किती खाल्लंस?"

"थोडं." तो खाली बघत म्हणाला, "सगळ्यांत कमी माझंच."

"वा रे वा! म्हणजे चोरांमधला तू गरीब. तुझी कीव करू का मी?" तिचा आवाज चढला. "मी रेडिओवर जाईन. वर्तमानपत्रात जाईन. गावोगाव सांगेन."

"काय सांगाल?" तो अगदी हळू बोलत होता, आजाऱ्याशी बोलावं तसं. "सामान आलंच नाही, असं? मग तपासणीला काय दाखवलंत? त्याच दिवशी मान्यता जाईल, आई. पोरी परीक्षेला बसू शकणार नाहीत. चाळीस मुलींची तीन वर्षं पाण्यात. आणि सही तुमची आहे. माझी कुठेच नाही."

पैसा गेला, सामान गेलं, ते तिला एकवेळ सोसलं असतं. सरकारचा पैसा कुठे जातो हे तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या बाईला कुणी शिकवायला नको. पण हा एवढा चोख हिशेब आज सुचलेला नव्हता.

"मला एकच सांग," ती म्हणाली. "त्या दिवशी शाळेत मातीत पालथा पडला होतास, मी तुझी धूळ झटकली. तेव्हा तुला ठाऊक होतं?"

दोयिन खिडकीकडे बघायला लागला.

खाल्ल्या घरचे वासे मोजणारे तिने आयुष्यात पुष्कळ पाहिले होते. पण आपल्याच ताटात जेवलेला, आपणच वाढवलेला पोरगा आपल्या मायेलाच गळफास करून आपल्या गळ्यात अडकवतो, हे तिने पाहिलं नव्हतं. बसमध्ये ती सगळी वाट रडली. शेजारच्या बाईने कोण गेलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मुलगा."

ती रेडिओवर गेली नाही. गावही मूग गिळून बसलं, कारण चाळीसांतल्या आठ पोरी गावच्याच होत्या. मेट्रन मिशन हॉस्पिटलच्या सिस्टरबाईंच्या पाया पडली आणि दर रविवारी पाच-पाच मुलींना घेऊन नऊ मैल चालत जाऊ लागली. शेवटचा पेशंट गेला की सिस्टरबाई एक मायक्रोस्कोप तासभर द्यायच्या. परीक्षेपर्यंत एकेका मुलीच्या वाट्याला तीन-चार वेळा आला असेल नसेल.

चाळीसपैकी एकतीस पास झाल्या. बाळंतपणात सगळ्या पहिल्या. भोपळ्यावर शिकलेल्या पोरींनी शहरच्या पोरींना मागे टाकलं. नऊ जणी गेल्या त्या मायक्रोस्कोपमध्ये. त्यांत तितो होती. तिच्या वाट्याच्या दोन रविवारी ती तापाने पडली होती. परीक्षेत तिचे हात कापले, चाक जास्त फिरलं, काच फुटली. ज्या पोरीचा मायक्रोस्कोपला डोळा लावलेला फोटो राज्यभर वाटला गेला, ती मायक्रोस्कोपमध्ये नापास झाली. वर्षभराने पुन्हा बसायचं, तोपर्यंत शाळेत राहायचं. मेट्रनने तिला एका शब्दाने दोष दिला नाही.

पास झालेल्यांना नर्सच्या टोप्या घालायचा समारंभ ठरला. पाहुणा कोण, ते खातं ठरवतं. खात्याने दोयिनला पाठवलं. तो आलाही. न येऊन कसं चालेल, लोक उगाच कुजबुजतील. आणि आपलं कोण काय वाकडं करणार, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

चारशे माणूस जमलं होतं. ढोल वाजत होते. एकतीस मुली पांढऱ्या कपड्यांत रांगेत उभ्या. नापास झालेल्या नऊ जणी पाहुण्यांना पाणी देत होत्या. दोयिन गाडीतून उतरला, तोच पांढराशुभ्र झगा, आणि सरळ मेट्रनसमोर येऊन लाल मातीत पालथा पडला. छाती टेकवून, हात बाजूला पसरून. फोटोवाला पुढे धावला. ढोल थांबले, कारण आता मेट्रन 'ऊठ' म्हणणार, आशीर्वाद देणार, आणि मग पुन्हा वाजवायचे.

मेट्रन उभीच राहिली.

शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता. खोटं कशाला बोलू? हातसुद्धा त्याच्या पाठीकडे निघाला होता. सात वर्षांचा असल्यापासून तिने त्याला तो शब्द कधी नाकारला नव्हता, मासा चोरला तेव्हासुद्धा नाही. तिला काहीही बोलायची मुभा त्याने ठेवली नव्हती. न बोलायची तेवढी होती.

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. मोजीसोला पहिल्यांदाच गप्प होती. दोयिनने मातीतून जराशी मान वर केली आणि अगदी हळू म्हटलं, "आई, लोक बघतायत."

त्याच वेळी तितो पाण्याचं तबक घेऊन आली. समोर काय चाललंय हे तिला कळेना. रीतीप्रमाणे ती मेट्रनपुढे गुडघे टेकून बसली, तबक वर धरलं. ग्लासातलं पाणी हिंदकळत होतं.

मेट्रनने ग्लास उचलला, पाणी प्यायली. मग वाकून तितोच्या दोन्ही खांद्यांना धरलं.

"ऊठ, बाळा," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं.

तिने तितोला उभं केलं, गुडघ्यांची माती स्वतःच्या हाताने झटकली, आणि तिचा हात धरून, दोयिनच्या बाजूने वळसा घालून, टोप्या ठेवल्या होत्या त्या टेबलाकडे चालू लागली. चारशे माणसं तिच्यामागे वळली. दोयिन तसाच मातीत पडून होता, आणि त्याला ऊठ म्हणायला कुणी पुढे आलं नाही.